आधी अंगठा, मग पाठ

नवी मुंबईतल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्यांचं म्हणणं थोडक्यात देते.

वय ३६. कोपरखैरण्यात वडील, बायको आणि नऊ वर्षांच्या मुलीसोबत राहतात. वाशीच्या घाऊक बाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहितात. वडिलांनी त्याच बाजारात माथाडी म्हणून आयुष्यभर गोण्या वाहिल्या. आता कंबर धरली आहे, घरीच असतात. पत्रलेखकांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा चांगल्या श्रेणीत दिल्या, पुढे चित्रकला सुटली ती सुटलीच. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या दप्तरातली पेन्सिल हातात घेतली आणि पुन्हा ओढ लागली. त्यांना माणसं काढायची आहेत, त्यातही ओझी वाहणारी. पण ती कळसूत्री बाहुल्यांसारखी येतात. म्हणून रात्री जेवणं आटोपली की मायकेलअँजेलो, राफाएल, देगा यांची रेखाटनं समोर ठेवून ते जशीच्या तशी उतरवतात, आणि ती उत्तम जमतात. दिवाळीत कलाशिक्षण घेतलेल्या एका जुन्या मित्राने वही चाळली आणि म्हणाला, "हात छान आहे रे, पण तू झेरॉक्स मशीन झालायस. अशाने तुझं स्वतःचं काही उरायचं नाही." त्या दिवसापासून वही बंद आहे. वहीत निर्वस्त्र आकृत्या असल्याने ती कपाटात कपड्यांखाली दडवावी लागते, त्याचाही मनाला त्रास आहे. विचारतात: नक्कल करणं थांबवू का? की आधी नक्कल पुरती शिकून घेऊ आणि मग खऱ्या माणसांकडे वळू? सोबत दोन चित्रांचे फोटो पाठवले आहेत.

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, चित्रं मात्र कितीतरी वेळा पाहिली. म्हणून चित्रांपासूनच बोलते.

पहिलं चित्र मायकेलअँजेलोच्या लिबियन सिबिलच्या, म्हणजे प्राचीन कथांतल्या एका भविष्यवेत्त्या स्त्रीच्या, अभ्यासावरून (तयारीच्या रेखाटनावरून) केलेलं. व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावरची ती पाठमोरी स्त्री, दोन्ही हात पसरून भलंमोठं पुस्तक धरलेली. त्या आकृतीसाठी त्याने साधारण १५१०-११ मध्ये लाल खडूने हा अभ्यास केला, तोही एका तरुण पुरुषाला समोर ठेवून. मूळ कागद आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तुमच्या प्रतीतली पाठ बघून मी थबकले. खांद्याच्या फऱ्यापाशी सावली जिथे वळते, तिथे तुमचा हात घाईला आलेला नाही. हे सोपं नाही आणि हे तुम्ही कमावलेलं आहे, ते आधी मान्य करा.

पण मूळ कागदावर खाली आणखी काही आहे. डाव्या पायाची बोटं, अंगठा, पुन्हा अंगठा. एकदा काढून त्याचं समाधान झालेलं नाही. ही बाई नुसती वळलेली नाही, तिचा भार त्या बोटांवर आला आहे. अंगठा नीट दाबला गेला नाही तर वरची ती सगळी सुंदर पाठ हवेत लटकेल, हे त्याला ठाऊक होतं. तुमच्या प्रतीत ती बोटं नाहीत. तुम्हाला ती कच्ची, अर्धवट वाटली असणार, म्हणून वगळलीत. माझ्या मते त्या कागदावर शिकण्यासारखं सगळ्यात मोठं तेच होतं.

आता दुसरं चित्र, मोबाइलमधल्या फोटोवरून काढलेला माथाडी. चेहरा ओळखीचा वाटतो, मुंडासं छान आलंय. पण त्याची पाठ ताठ उभी आहे आणि गोणी मागून चिकटवल्यासारखी आहे. पन्नास किलो असे मागच्या बाजूला आले तर तो माणूस गोणीसकट उताणा पडेल. तुम्ही लहानपणापासून ओझं वाहणारी माणसं बघत आलात, ओझं घेतलं की माणूस पुढे झुकतो हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. तरी कागदावर तो ताठ उभा राहिला, कारण तुम्ही कडा काढत होतात. डोक्यापासून सुरुवात, बाहेरची रेघ, खाली पाय उरलेल्या जागेत. दोन्ही चित्रांतला दोष एकच आहे. नक्कल केल्यामुळे तो आला, असं मला वाटत नाही.

तुमच्या मित्राचं म्हणणं मला निम्मं पटतं. झेरॉक्स मशीनला माणूस आणि विजेचं बिल सारखंच. काळं कुठे, पांढरं कुठे, एवढंच त्याला कळतं. तुम्ही सिबिलची पाठ काढताना हाडं कुठे आहेत, भार कुठून कुठे जातोय, ही रेघ का थांबली, हे स्वतःला विचारलं नसेल, तर तेवढ्यापुरता त्याचा शब्द लागू पडतो. तो दुखावण्यासाठी बोलला असंही मला दिसत नाही. "हात छान आहे" हेही त्याचंच वाक्य आहे, ते तुम्ही पत्रात लिहिलंत पण मनावर घेतलं नाहीत. पण "स्वतःचं काही उरायचं नाही" हे मात्र मी मानत नाही.

पहिलीत आपण सगळ्यांनी पाटीवर बाईंनी काढून दिलेलं अक्षर गिरवलं. एका वर्गातली सगळी मुलं तोच अ, त्याच वळणाने. त्यांतल्या कुणाचं हस्ताक्षर मोठेपणी बाईंसारखं झालं? गिरवण्याने हाताला वळण लागतं, आणि त्या वळणातून ज्याचं त्याचं अक्षर आपोआप निघतं. तुम्ही 'स्वतःची शैली' ही आतमध्ये तयार ठेवलेली, बाहेरच्या स्पर्शाने विटाळणारी वस्तू समजताय. ती तशी नसते. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५६ ते १६६१ च्या सुमारास मुघल लघुचित्रं पाहून बादशहांची, दरबाऱ्यांची रेखाटनं केली. त्यांतली वीसहून जास्त आजही आहेत. तो कधी हिंदुस्थानात आला नाही. त्या कागदांवर शाहजहान आहे, पण रेघ बघताक्षणी रेम्ब्रांटची.

आणि आपल्याकडे? जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ ला सुरू झालं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून शिकले. १८७२ पासून तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते, भिंतीवरच्या चित्रांच्या प्रती करायला, एकदोन नव्हे तर अनेक हंगाम. प्रत करणं हे तेव्हा रीतसर शिक्षण होतं.

तुमच्यासाठी मात्र मला सगळ्यात जवळचं उदाहरण व्हॅन गॉगचं वाटतं. १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं. हाताशी गुरू नव्हता. शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराने जेरोम या दुसऱ्या चित्रकाराच्या साथीने तयार केलेली चित्रकलेची तक्ते-मालिका तेव्हा प्रसिद्ध होती, १९७ तक्ते, त्यात पुतळ्यांवरून, जुन्या चित्रकारांवरून आणि मग जिवंत मॉडेलवरून केलेली रेखाटनं. त्याने ते तक्ते पुन्हा पुन्हा गिरवले. जोडीला फ्रेंच चित्रकार मिलेची शेतकरी माणसं. आणि तेव्हाच, १८८१ च्या वसंतात, त्याने खाणकामगारांच्या बायका काढल्या: कोळशाची पोती पाठीवर घेऊन वाकून चाललेल्या. ते चित्र शोधून जरूर बघा. आकृत्या अवघडलेल्या आहेत, पण ओझं खरं आहे. पाठी खरोखर वाकल्या आहेत. तक्ते संपेपर्यंत तो थांबला नाही. पुढे १८८९-९० मध्ये, आजारपणात, तो पुन्हा मिलेकडे वळला आणि छापील काळ्या-पांढऱ्या चित्रांवरून रंगीत प्रती केल्या. भावाला लिहिताना त्याने या प्रती करण्याची तुलना दुसऱ्याची रचना आपल्या परीने वाजवणाऱ्या वादकाशी केली. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. गुरूची बंदिश गायली म्हणून गवई चोर ठरत नाही.

म्हणून तुमच्या दोन्ही पर्यायांना माझं 'नाही' आहे. नक्कल थांबवलीत तर रात्रीचा एकमेव शिक्षक जाईल. बाजारातला माणूस क्षणभर दिसतो आणि गाळ्याआड जातो, तेवढ्यात काय बघायचं हे ज्यांना कळत होतं त्यांच्याकडूनच ते शिकावं लागतं. आणि 'आधी नक्कल पूर्ण करतो' म्हणाल तर ती कधी पूर्ण होत नाही. कागदावरचा माणूस हलत नाही, दमत नाही, कुणी बघेल म्हणून लाजत नाही. तिथे सुरक्षित वाटतं. त्या सुरक्षितपणात वर्षं निघून गेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या वह्या फार सुंदर होत्या. मॉडेल बसवून शिकवणारा शनिवार-रविवारचा वर्ग ठाण्यात किंवा मुंबईत मिळाला आणि खिशाला झेपला तर जरूर जा, पण त्यावर अडून बसू नका.

दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच वहीत करा. डाव्या पानावर उस्ताद, उजव्या पानावर बाजार. मी सांगते ते तुमच्यासारख्या इतरांनाही चालेल.

तीन महिने एकच चित्रकार धरा. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने साधारण १४०० च्या सुमाराला लिहून ठेवलं आहे की आज याचं, उद्या त्याचं असं करत राहिलं तर कुणाचीच रीत हाताला लागत नाही. तुमच्यासाठी मी राफाएल निवडेन, आणि त्याला कारण आहे. व्हॅटिकनमधल्या एका दालनात, १५१४ च्या सुमाराला सुरू झालेलं, रोमच्या बोर्गो भागात लागलेल्या आगीचं त्याचं भित्तिचित्र आहे. त्यात डाव्या कडेला एक तरुण म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन आगीतून बाहेर पडतोय. जळत्या ट्रॉयमधून बापाला पाठीवर घेऊन निघालेल्या ईनियसची ती आठवण, आपल्या श्रावणबाळासारखी. या जोडीचा लाल खडूतला अभ्यास व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. गोणीच्या जागी माणूस आहे, एवढाच फरक. गुडघे किती वाकलेत, मान कुठे गेली, हात मागे कसे अडकवलेत, हे सगळं तुम्हाला रोज दिसणारं.

रंगवलेली चित्रं घेऊ नका, तयारीची रेखाटनं घ्या. त्यात खोडलेली, बदललेली रेघ दिसते. चित्रकार कुठे चुकला आणि मग त्याने काय केलं, ही शिकवणी पूर्ण चित्रात पुसली गेलेली असते. मेट्रोपॉलिटनने २०१७ पासून आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने त्याच्याही आधीपासून आपापल्या संग्रहातली जुनी चित्रं मोठ्या आकारात मोफत दिली आहेत. मोबाइलच्या पडद्यावरून काढू नका, छापून घ्या. सिबिलचा मूळ कागद २८.९ बाय २१.४ सेंटिमीटर आहे, म्हणजे ए-फोरच्या अगदी जवळचा. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो जवळजवळ मूळ आकारात हातात येतो. मायकेलअँजेलोचा हात ज्या मापात फिरला त्याच मापात आपला फिरवून बघा, मनगट वेगळं बोलायला लागतं.

कडा सगळ्यात शेवटी. आधी ओळंबा. शिवणाच्या दोऱ्याला एक नट बांधा आणि चित्रासमोर धरा. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून दोरा सोडला तर तो भाराच्या पायाच्या टाचेपाशी उतरतो. लिओनार्दोने हे नोंदवून ठेवलं आहे. त्याने असंही लिहिलं आहे की खांद्यावर ओझं घेतलेल्या माणसाचा ओझ्याचा खांदा दुसऱ्या खांद्यापेक्षा वर असतो. उद्या गाळ्यावर बसल्या बसल्या हे पडताळून पाहा, पाचशे वर्षांपूर्वीचं वाक्य तुमच्या डोळ्यांसमोर चालत जाईल. पाठीवरच्या गोणीचा हिशेब वेगळा: तिथे माणूस आणि गोणी यांचं मिळून एक वजन होतं आणि ते वजन पावलांवर आणण्यासाठी धड पुढे जातं. म्हणून आधी पावलं टेकवा, मग ओळंबा, मग खांद्यांची आणि कमरेची तिरकी रेघ, मग गोणी, आणि माणूस त्यांच्या मध्ये बसवा. मुंडासं शेवटी.

प्रत वीस मिनिटांत करा, दोन तासांत नको. ती झाली की छापील चित्र उलटं ठेवा आणि तीच आकृती आठवून काढा. वाईट येईल. जिथे वाईट आली तिथे तुम्ही पाहिलं नव्हतं, नुसतं उतरवलं होतं; तेवढाच भाग परत बघा. दुसऱ्या दिवशी राफाएलच्या त्या तरुणाला बनियन आणि हाफ पँट घाला, पाठीवर म्हाताऱ्याऐवजी गोणी द्या. त्याला पाठीमागून काढा, जसा राफाएलने काढलेला नाही. इथे झेरॉक्स मशीन हात टेकतं आणि तुमचं काम सुरू होतं.

बाजारात चालत्या माणसापासून सुरुवात करू नका. गाडी खाली झाल्यावर टोळी चहाला टेकते, कुणी गोण्यांवर उकिडवं बसतं, कुणी हातगाडीवर आडवं होतं. ती माणसं पाच मिनिटं तरी एका जागी असतात. खिशात मावेल अशी वही, बॉलपेन चालेल, खोडरबर घरी. एका आकृतीला दोन मिनिटं. मुकादमाला आधी विचारा. कामावरच्या माणसाचे चोरून फोटो काढू नका. एक तर ते बरं नव्हे, आणि फोटोत जवळचा खांदा फुगतो, पाय आखडतात, तुमच्या चित्रात ते दिसतंय. काढलेलं त्यांना दाखवा. गोणी चुकीची बसली असेल तर ते लगेच सांगतील, आणि त्यांच्यापेक्षा मोठा जाणकार तुम्हाला कुठल्याही कलाशाळेत मिळणार नाही.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी ठाण्याला गाडी बदलून अंबरनाथला जा. तिथलं शिवमंदिर १०६० सालचं आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या आकृत्यांचे कंबरेतले बाक वहीत घ्या. मुलीलाही न्या. दगडाची माणसं विदेशी छापील कागदापेक्षा जास्त वेळ देतात, आणि ऊन सरकतं तसं शरीर वळतं. चित्रकार रुबेन्सने मात्र एक इशारा देऊन ठेवला आहे: पुतळ्यांवरून शिकताना चित्रात दगड उतरू देऊ नका. म्हणून अंबरनाथनंतरचा दिवस पुन्हा बाजाराचा.

निर्वस्त्र आकृत्यांचं. तुम्ही काही चोरटं करत नाही, पण कपाटात लपवलं की ते चोरटं दिसू लागतं, आधी स्वतःलाच. बायकोला वही दाखवा, सगळी, एका बैठकीत. सिबिलचा तो अभ्यास आणि छतावरची रंगवलेली सिबिल शेजारी शेजारी ठेवा: आधी शरीर समजून घेतलं, मग त्यावर वस्त्र आलं, हे शब्दांशिवाय कळेल. मुलीने पाहिलं आणि विचारलं तर हाडं-स्नायू कसे असतात ते बाबा शिकतोय, एवढं उत्तर पुरतं. आणि घरात अवघडलेपण राहिलंच, तर काही काळ कपड्यातल्या आकृत्या घ्या. देगाच्या इस्त्री करणाऱ्या बायका आहेत, मिलेची शेतकरी माणसं आहेत. मुंबईतली माणसं काढणारे आपले एम. व्ही. धुरंधर आहेत, ज्यांनी जे. जे. मध्ये शिकून १९३० मध्ये तिथलंच संचालकपद सांभाळलं. लुगड्याखालचा गुडघा ते कसा सुचवतात, हा एकटाच महिनाभराचा अभ्यास आहे.

प्रत्येक प्रतीखाली 'राफाएलवरून' असं लिहून तारीख टाका. त्याने मित्राचाही प्रश्न मिटतो, तुमच्या मनाचाही. हयात किंवा अलीकडे गेलेल्या चित्रकारांच्या प्रती अभ्यासासाठी घरात ठेवा, विकायला काढू नका. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो.

एक गोष्ट तुम्ही पत्रात विचारलेली नाही, पण ती सगळीकडे दिसते. ओझी वाहणारी माणसं काढायची आहेत असं लिहिता, आणि वडिलांबद्दल दोनच वाक्यं लिहिता. फोटोवरून काढलेल्या त्या माथाड्याचा चेहराच तेवढा जिवंत आहे, तो नक्की फोटोतल्या माणसाचा आहे का?

वडील दुपारी जेवून आडवे होत असतील. सुट्टीच्या दिवशी तिथूनच सुरुवात करा. झोपलेला माणूस हा घरातला सगळ्यात स्थिर मॉडेल, त्याला अवघडल्यासारखंही होत नाही. तळपाय, मग पोटऱ्या, मग पाठ. तीन-चार रविवार गेले की जागेपणी बसायला सांगा, चहाचा कप होईपर्यंत. दुखऱ्या कंबरेला उभं करू नका. त्यांच्यासमोर राफाएलची ती जोडी ठेवा आणि विचारा की हा पोरगा बापाला बरोबर उचलतोय का. मग गोणी पाठीवर येताना गुडघे किती सोडायचे, मान कुठे द्यायची, पहिलं पाऊल कुठल्या पायाचं, हे त्यांना बसल्या जागी हातांनी करून दाखवू द्या, आणि ते दाखवत असताना त्यांचे हात काढा.